पाठ झालेली उत्तरं

१३ जानेवारी, सोमवार

नव्या अभ्यासाचं काम आज सुरू झालं. साठीच्या पुढच्या माणसांची स्मरणशक्ती. गावं कोळवण खोऱ्यातली. आधी सगळ्यांना एक छोटी प्रश्नावली विचारायची, तिला आम्ही चाळणी म्हणतो. गुण कमी आले तर माणसाला पुढच्या तपासणीला पाठवायचं, चांगले आले तर आभार मानून सोडून द्यायचं.

मी प्रश्न नव्याने लिहायला बसले होते. ऋषिकेश सर मागे येऊन उभे राहिले. "गौतमी, कशाला डोकं शिणवताय? मागच्या दोन अभ्यासांतली तयार आहे. मराठी तपासलेलं आहे, समितीची परवानगी आहे. तीच उचला."

बरोबरच आहे. सॉफ्टवेअरमध्ये जुने सगळे प्रश्न साठवलेले असतात. हवा त्याच्यापुढे 'पुन्हा वापरा' दाबलं की प्रश्न, त्याची उत्तरं, गुण सगळं नव्या अभ्यासात येऊन बसतं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत काम संपलं सुद्धा. प्रश्न तेच ठेवले की जुन्या आकड्यांशी तुलनाही करता येते.

संध्याकाळी नेहमीसारखी नानांवर चाचणी घेतली. कुठलीही प्रश्नावली आधी नानांना विचारायची, हे मी माहेरी परत आल्यापासून चालू आहे. नानांना पूर्ण गुण. शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं तर "त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी" असे धडाधडा. उगाच नाही पिरंगुटच्या कंपनीत जन्म वजनकाट्यावर काढला. भरल्या ट्रकातून रिकामा ट्रक वजा, दिवसभर हेच. तीन शब्द लक्षात ठेवायचा प्रश्न आला, तर मी सांगायच्या आधीच म्हणाले, "लिंबू, चावी, घोडा."

"नाना, आधी मला बोलू तर द्या!"

किती दिवसांनी आम्ही दोघं एवढे हसलो.

आज दुधाच्या पिशव्या दोनदा आणल्या त्यांनी. म्हणाले, "तुला खीर आवडती म्हणून." खीर केली. आई गेल्यापासून घरात खीर झाली नव्हती.

२३ जानेवारी, गुरुवार

राणीबरोबर कोळवणला गेले होते. गावोगाव फिरून प्रश्न विचारायचं काम ती करते. मी फक्त बघायला.

तुळजाबाई म्हणून सत्तरीच्या बाई आहेत. अंगणात भात वाळत घातलेलं, कोंबड्या हाकत हाकत उत्तरं देत होत्या. राणीने विचारलं, "आपण आत्ता कितव्या मजल्यावर आहोत?"

"मजला? आमी जमिनीवर हाओत, बाई."

राणीने माझ्याकडे बघितलं. प्रश्न मुळात शहरातल्या दवाखान्यासाठी लिहिलेला. पण आता बदलला तर संच तोच राहत नाही, तुलना जाते. "तळमजला धर," मी म्हणाले. बाकी तुळजाबाई एकदम तल्लख. तिन्ही शब्द झटकन सांगितले.

घरी येऊन नानांना किस्सा सांगितला. खूप हसले. मग म्हणाले, "तिसरा. आपला तिसरा मजला." आमच्या भूगावच्या फ्लॅटचं बरोबरच आहे ते.

हल्ली नाना पहाटे गॅलरीत उभे राहून काहीतरी पुटपुटत असतात. मी गेले की थांबतात. आई असताना देवाला हात जोडायचाही कंटाळा होता त्यांना. म्हातारपणी का होईना, कशाचा तरी आधार मिळाला, बरं वाटलं.

९ फेब्रुवारी, रविवार

इंद्रजित येऊन गेला. दिवस वाया.

जेवणं झाली. नाना आडवे झाल्यावर त्याने मला स्वयंपाकघरात गाठलं. "ताई, नानांनी मला आज तीनदा विचारलं, कधी आलास म्हणून. गेल्या आठवड्यात मी फोन केला तर म्हणाले, काट्यावर गाड्यांची रांग लागलीय, नंतर बोलतो. डॉक्टरला दाखवू या."

"थट्टा करतात ते. तुला आयुष्यात त्यांची थट्टा कळली नाही."

"ही थट्टा नाही."

मी त्याला लॅपटॉप उघडून दाखवला. तीन अभ्यासांच्या चाचण्या. दर वेळी नानांचे गुण जवळजवळ पूर्ण. "हा माझा रोजचा धंदा आहे, इंद्रा. घरात असं काही असतं तर मला आधी कळलं असतं."

"तुझी परीक्षा राहू दे गं. तू त्यांच्याशी बोलतेस का?"

हे फार लागलं. महिन्यातून एकदा बावधनहून येणाऱ्याने मला हे विचारावं? लग्न मोडून मी या घरात बॅग घेऊन उभी राहिले, तेव्हा सगळ्या जगाने प्रश्न विचारले. नानांनी एकही विचारला नाही. फक्त गॅस पेटवून चहा टाकला. आम्हाला बोलावं लागत नाही.

पण भांडण नको म्हणून डॉक्टरकडे जायला हो म्हटलंय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

कोथरूडला जाऊन आलो. डॉक्टरांनी खणातून कागद काढला आणि मला हसू आलं. आमचीच चाळणी! म्हणजे आमची ज्याच्यावरून घेतली तो मूळ कागद. सगळीकडे हाच चालतो.

नानांनी छान उत्तरं दिली. एकच गुण गेला. दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे आणि नाना म्हणाले, "तिसऱ्या." लिफ्टने गेल्यावर कुणाच्या लक्षात राहतंय? डॉक्टरही हसले. "या वयाला उत्तम आहे. काळजीचं काही दिसत नाही," म्हणाले.

बाहेर आल्यावर नानांनी माझा हात धरला. तळवा घामाने ओला होता. "पास झालो का गं?"

"पहिल्या नंबराने."

तिथूनच इंद्रजितला फोन लावला. तो मग म्हणाला, "बरं झालं." मला जरा जास्तच आनंद झाला हे खरं.

येताना चांदणी चौकात बस थांबली, तेव्हा नाना बाहेर बघून म्हणाले, "हे कुठलं गाव?" मी म्हटलं, नाना, एवढे पूल बांधून ठेवलेत, मलाही कळत नाही कुठून कुठे निघतोय.

१३ मार्च, गुरुवार

कामात गडबड निघाली आहे. राणीचा कोळवणहून फोन, ती दुसऱ्या फेरीला गेली आहे. "ताई, इथं सगळ्यांना उत्तरं येत्यात. मी शब्द सांगायच्या आधीच तुळजाबाई म्हणाल्या, लिंबू चावी घोडा. त्यांची जाऊबाई बी तेच. पलीकडच्या आळीत तर पोरं ओरडत व्हती माझ्या मागं."

या गावांत हा आमचा तिसरा अभ्यास. तिन्ही वेळा तेच प्रश्न. लोक मूर्ख थोडेच आहेत? पाठ झालं त्यांना. म्हणजे आता ज्यांची स्मरणशक्ती खरंच ढासळते आहे, तेही यातून सुटून जाणार.

सरांना सांगितलं. ते मग म्हणाले, "दुसरा संच करा. जुन्यातलं काही उचलू नका. शब्द, आकडे, सगळं नवं."

२९ मार्च, शनिवार

नवा संच तयार झाला. शब्द: कंदील, साबण, बैल. शंभरातून सातऐवजी ऐंशीतून तीन-तीन. मजल्याचा प्रश्न काढून टाकला, त्याजागी गावाचं नाव.

चहा झाल्यावर नानांसमोर बसले. म्हटलं, आज नवे प्रश्न आहेत. ते सावरून बसले, सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

"हे घर कोणत्या गावात आहे?"

"तिसऱ्या."

"गाव, नाना. गाव विचारतेय."

"व्हय. तिसरा."

"बरं. ऐंशीतून तीन वजा करत जा."

"त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट." एका दमात. आणि माझ्याकडे बघितलं, शाबासकीसाठी बघावं तसं.

मी शब्द सांगितले. कंदील, साबण, बैल. त्यांनी ते माझ्यामागून म्हटलेही नाहीत. थोड्या वेळाने विचारलं, "मघाचे तीन शब्द कोणते?"

"लिंबू, चावी, घोडा."

"नाना, ते जुने. आत्ता मी काय सांगितलं?"

त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, जरा मोठ्याने. मग आणखी एकदा, हळू. मग चेहरा कसा तरी झाला आणि ते उठले. खोलीच्या दारातून म्हणाले, "उद्या विचार. आज तयारी न्हवती."

नवा संच जमलेला नाही. शब्द एकमेकांत गुंतणारे निवडले मी, आणि आकडेमोडही अवघड झाली असावी. सरांना तसं कळवलं, संच सोमवारी गावात नेऊ नका म्हणून.

३ एप्रिल, गुरुवार

सरांचं उत्तर आलं. ऑफिसातल्या बाकीच्यांनी आपापल्या घरच्या वडीलधाऱ्यांना नवा संच विचारून बघितला. कुणालाच अवघड गेला नाही. राणीचे सासरे चौथीपर्यंत शिकलेले, त्यांचेही दोनच गुण गेले. सरांनी शेवटी लिहिलंय, "तुम्ही कुणावर चाचणी घेतली होती?"

मी अजून उत्तर पाठवलेलं नाही. त्या दिवशी नाना दुपारी झोपले नव्हते. उन्हाळाही फार आहे.

१० एप्रिल, गुरुवार

नाना सापडले. आधी हे लिहिते.

सकाळी मी अंघोळीला गेले, बाहेर आले तर दार उघडं. दूध आणायला गेले असतील म्हणून थांबले. मग खाली गेले. डेअरीवाला म्हणाला, आज आलेच नाहीत. बिल्डरच्या रिकाम्या प्लॉटपासून हायवेपर्यंत हाका मारत फिरले. इंद्रजितला फोन करून नाना सापडत नाहीत म्हणून सांगितलं. तो "आलो" एवढंच म्हणाला, 'मी सांगितलं होतं' असं नाही.

पिरंगुटची कंपनी त्यालाच सुचली. आम्ही पोचलो तर नाना गेटजवळच्या काट्याशी खुर्चीवर बसलेले. नवीन काटा आहे, सगळं काँप्युटरवर. तिथला पहारेकरी बिहारकडचा पोरगेला माणूस. त्याने त्यांना पाणी दिलं होतं, आपल्यातला डबा खाऊ घातला होता. म्हणाला, "बाबूजी सुबह से बैठे हैं, दीदी. बोल रहे थे गाड़ी आएगी."

नाना मला बघून म्हणाले, "आज रिकाम्या गाड्या सोडल्याच न्हाईत कुणी. वजा कशातून करायचं?"

इंद्रजित गाडी आणायला गेला. मी त्यांच्याजवळ खाली बसले. थोड्या वेळाने त्यांनी इकडेतिकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि नजर एकदम स्वच्छ झाली, काच पुसल्यासारखी. म्हणाले, "मी हितं कसा आलो गं?"

मी त्यांचा हात हातात घेतला.

"मला कळतंय गौतमे. लई दिवस झालं. दोन वर्सं म्हन. तू प्रश्न विचारलंस आन एक-दोन सुटलं, तवाच कळलं. तू कागद घरीच ठिवून गेली व्हतीस. पाठ केलं. रोज सकाळी गॅलरीत म्हनायचो, सुटू न्हाई म्हणून."

"पण का नाना? मला सांगायचं ना!"

"तू घरी आलीस तवापास्नं हसली न्हवतीस. माझं समदं बरोबर आलं की हसायचीस."

मग ते पुन्हा रस्त्याकडे बघायला लागले, गाडी येते का म्हणून.

मी सगळ्या जगाचं तपासत बसले. रोज पहाटे माझ्या झोपायच्या खोलीच्या भिंतीपलीकडे माझे वडील एकटे धडपडत होते आणि मी ते ऐकून कूस बदलत होते.

११ एप्रिल, शुक्रवार

सरांना उत्तर पाठवलं. "चाचणी माझ्या वडिलांवर घेतली होती. संच बरोबर आहे."

१६ मे, शुक्रवार

त्याच डॉक्टरांकडे गेलो. इंद्रजितही होता. मी सांगितलं की तुमच्या कागदावरची उत्तरं त्यांना पाठ होती, आणि ती माझ्यामुळे. डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "मीही विचारायला हवं होतं, हे प्रश्न आधी कुणी विचारलेत का."

दुसऱ्या तपासण्या झाल्या, मेंदूचा फोटो काढला. आजार मधल्या टप्प्यापर्यंत आलेला आहे. मी विचारलं, फेब्रुवारीत कळलं असतं तर? त्याच्याही आधी कळलं असतं तर?

"औषधांनी फार फरक पडला नसता," ते म्हणाले. "वेग थोडा कमी झाला असता, एवढंच."

मला हायसं वाटणार इतक्यात ते म्हणाले, "पण त्यांच्याशी बोलून घेता आलं असतं. त्यांना काय हवं, कुठे राहायचं, कशाची भीती वाटते. तेव्हा ते सांगू शकले असते."

इंद्रजितने गाडी थेट घरी न नेता रस्त्याकडेला थांबवली. दोघंही पुढच्या सीटवर रडलो. नाना मागून म्हणाले, "काय झालं रं पोरांनू? कोन गेलं?"

२ जून, सोमवार

सहा महिन्यांची बिनपगारी रजा घेतली. सर म्हणाले, "परत येणार असाल तेव्हा या. जागा भरत नाही." नव्या संचावर कोळवणमध्ये कितीतरी माणसं पुढच्या तपासणीला निघाली आहेत. तुळजाबाईसुद्धा. राणी सांगत होती, त्या बैलाच्या जागी घोडाच म्हणत राहिल्या आणि शेवटी राणीलाच म्हणाल्या, "बाई, तूच सांगितलंस की मागं."

निघायच्या आधी सॉफ्टवेअर उघडून जुना संच बंद केला. आता त्यातला कुठलाही प्रश्न कुणाला उचलता येणार नाही. एक चौकट आली, कारण लिहा. बराच वेळ विचार करून लिहिलं, "लोकांना उत्तरं पाठ झाली आहेत." दुसरं काही लिहिण्यासारखी ती जागा नव्हती.

२० जुलै, रविवार

नानांनी विचारलं, "तुझी आई कुठाय?"

मी भाजी चिरत होते. सहज बोलल्यासारखं सांगितलं, "नाना, आई गेली ना. तीन वर्षं झाली."

ते उभेच राहिले. "कधी? मला कुनी सांगितलं न्हाई?"

"तुम्ही होतात तिथे. इंद्राने अग्नी दिला, तुम्ही शेजारी उभे होतात."

"मी व्हतो?" असं म्हणून ते जमिनीवर बसले आणि जे रडले, ते आई गेली त्या दिवशीही रडले नव्हते. त्या दिवशी त्यांनी आम्हाला सावरलं होतं. आज सावरणारं कुणी नव्हतं. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. जेवले नाहीत.

२३ जुलै, बुधवार

रोज तोच प्रश्न. रोज तेच रडणं, पहिल्यांदाच ऐकल्यासारखं. काल इंद्रजित होता. त्याने पटकन सांगून टाकलं, "कोळवणला गेलीय, भावाकडे." नाना "बरं" म्हणून टीव्ही बघायला लागले.

मी त्याच्यावर ओरडले. खोटं कसं सांगतोस? उद्या त्यांना खरं आठवलं तर? आयुष्यभर त्यांनी कधी वजनात पावशेराचा खोटा आकडा लिहिला नाही.

तो म्हणाला, "ताई, बरोबर उत्तर कुणासाठी द्यायचं असतं?"

मी आतल्या खोलीत निघून गेले. तरीही आज नानांनी विचारलं तेव्हा मी खरंच सांगितलं. आणि पुन्हा बघितलं त्यांना खाली बसताना.

७ सप्टेंबर, रविवार

बाहेर पाऊस धरून आहे. नाना आताशा मला कधी गौतमी म्हणतात, कधी बाई म्हणतात. कधी काहीच नाही, नुसता हात पुढे करतात.

आज दिवेलागणीला ते चप्पल घालून दाराशी आले. हल्ली दाराला आतून कुलूप असतं. त्यांनी ते हातात धरून ओढून बघितलं. मग मला म्हणाले, "बाई, गौतमीची आई अजून आली न्हाई."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर अजून काही नव्हतं. सगळं माझ्या तोंडून काय निघतं त्यावर होतं.

"कोळवणला गेल्यात," मी म्हटलं. "भावाकडे. भातलावणी उशिरा झाली ना यंदा, म्हणून थांबल्यात जरा."

"येनार हाय ना?"

"हो. शेवटच्या एसटीने."

त्यांचे खांदे खाली आले. म्हणाले, "मंग कुलूप नगं घालूस. भिजत यील, दाराशी उभी ऱ्हाईल."

कुलूप न घालून कसं चालेल? ते पुन्हा पिरंगुटला निघाले तर? पण त्यांना नाही म्हणवेना. किल्ली आणून कुलूप काढलं, दार सताड उघडलं. जिन्यातून ओला गार वारा आत आला. नाना समाधानाने जाऊन कॉटवर आडवे झाले, तोंड दाराकडे करून.

मी खुर्ची उचलली आणि उंबरठ्यावर आडवी टाकून बसले. हे तिथे बसूनच लिहिते आहे. शेजारच्या काकू वर येताना थांबल्या, म्हणाल्या, "अशी दारात का बसलीस गं?"

"नाना वाट बघतायत," मी म्हटलं.

त्या आत डोकावल्या आणि छत्री झटकून पुढे गेल्या. नानांनी पावलांच्या आवाजाला डोळे उघडले.

"आली का?"

"येतायत, नाना. गाडी ताम्हिणीच्या अंगाला असेल अजून," मी म्हटलं. कोळवणची गाडी ताम्हिणीवरून येत नाही. त्यांना ते एकेकाळी झोपेतही कळलं असतं. ते म्हणाले, "व्हय, घाटात पाऊस लई असंल," आणि डोळे मिटले.